परगावी घर, भाड्याने द्यायचे
निवृत्तीची पुंजी घेऊन सोलापूरचे एखादे कामगारबंधू हडपसरात भाड्याने देण्यासाठी घर पाहू लागतात, तेव्हा आम्ही प्रथम विचारतो : उन्हाळ्यात येऊन जागा पाहिलीत काय? पाणी नळाचे की टँकरचे, हे दलाल आपण होऊन सांगत नाही.

पण खरी ठेच पुढेच लागते. भाडेकरू गाववालाच, मग कागद कशाला? १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे कलम ५५ पाहा. करार लेखी व नोंदलेलाच हवा; नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती चुकल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य! आम्ही भाडेकरूंच्या बाजूचे. आम्हांस हे कलम न्याय्यच वाटते. सोलापुरात बसलेल्या मालकाने मात्र पहिले भाडे घेण्याआधी नोंदणी उरकावी.