राज्य गेले, गाव राहिले

श्रोतेहो, १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला आणि एस्टोनियासारखा चिमुकला देश पुन्हा स्वतंत्र झाला. परसत्तेखाली त्याने आपली भाषा घरात आणि गाण्यांत राखली होती. आमच्या भोपाळची वाट याच्या उलट. हे राज्य मोठ्या देशात मिळाले.

तेही सहज नव्हे. १५ ऑगस्ट १९४७ नंतरही येथे नवाब हमीदुल्ला खान यांचीच सत्ता होती. विलीनीकरणासाठी प्रजेला लढावे लागले. १४ जानेवारी १९४९ रोजी, ऐन संक्रांतीस, नर्मदाकाठी बोरास येथे तिरंगा घेतलेल्या तरुणांवर गोळ्या झाडण्यात आल्या. १ जून १९४९ रोजी संस्थानचा कारभार भारत सरकारकडे आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. त्याच दिवशी नागपूरचे राजधानीपद गेले आणि तेथील कचेऱ्यांबरोबर पुष्कळ मराठी कुटुंबे इकडे आली.

नेहरू नगरातील अशाच एका घरातील माझ्या विद्यार्थिनीने परवा अडखळत्या मराठीत विचारले, “सर, आजोबा नागपूरचे, आई ग्वाल्हेरची, मग मी कुठली?”

मी म्हणालो, “बाळ, तू भोपाळची. राणी कमलापतीच्या या गावी दोस्त मोहम्मद खानही बाहेरूनच आले होते. पुढे १८१९ ते १९२६ पर्यंत चार बेगमांनी येथे राज्य केले. ते राज्य गेले, गाव राहिले. पण आजोबांना पत्र मराठीत लिही. लिपी तर एकच आहे.”

श्रोतेहो, राज्य करारावर सही होऊन विलीन होते. भाषा मात्र सहीवाचून जाते; घरात कोणी बोलेनासे झाले, की पुरे. ती राखणे आपल्याच हाती आहे.