तुरीचा मुलूख आणि व्यवस्थापनाची पदवी

कलबुर्गीहून आळंदकडे जाताना कडगंची येथे कर्नाटक केंद्रीय विद्यापीठाचे आवार लागते. २००९ साली संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या या विद्यापीठात व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेता येते. १९०८ साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात सुरू झालेला हा अभ्यासक्रम आज तुरीच्या शेतांशेजारी शिकवला जातो.

सर्वसाधारण व्यवस्थापन म्हणजे काय? एखादी डाळगिरणी पाहा. सुगीत तूर स्वस्त असते, म्हणून मालक कर्ज काढून ती साठवतो. वहीत नफा दिसतो. परंतु माल विकेपर्यंत तिजोरी रिकामी राहते आणि व्याज मात्र वाढत जाते. तंगीत मजूर कमी करावेत, तर पुढच्या हंगामात कसबी हात मिळत नाहीत. हिशेब, भांडवल, बाजार आणि माणसे यांचा असा परस्परसंबंध ओळखून निर्णय घेणे, हाच या विद्येचा गाभा होय.

सीमाभागातील विद्यार्थ्याच्या घरी मराठी, बाजारात कन्नड आणि वर्गात इंग्रजी असते. खेळते भांडवल म्हणजे काय, हे जो शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगू शकत नाही, त्याचे शिक्षण अर्धेच झाले.

पदवीधर पुण्यास वा बेंगळुरूस गेले, तर त्यांना दोष कोणी द्यावा? पण या भागातील तूरडाळीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. प्रतवारी, साठवण आणि विक्री नीट झाली, तरच त्या नावाचा दाम शेतकऱ्याच्या पदरात पडेल. त्यासाठी काही शिकलेली माणसे येथेच राहावयास हवीत.