मैदानाचे सोने आणि ज्वारीची माती

(पालेगाव, ता. अंबरनाथ येथील बैठकीतील भाषण)



इथून जवळच, भिवंडी तालुक्यातल्या आमण्याला समृद्धी महामार्ग संपतो. तिथल्या सुमारे ५० एकरांसाठी मुंबई क्रिकेट संघटनेने २०२४ साली निविदा भरली. एक लाख माणसे बसतील असे मैदान बांधायचा बेत आहे. रोजगार येईल, हॉटेले येतील, भागाचे सोने होईल, असे आता सांगितले जाते. या रस्त्याचे दुसरे टोक नागपूरला आहे आणि तिथे मैदान आधीच उभे आहे. मग ज्योतिषाकडे कशाला जायचे? जामठ्याला जाऊन बघावे.

वर्धा रोडवरचे जामठ्याचे मैदान सुमारे ४५ हजार आसनांचे. पहिली कसोटी नोव्हेंबर २००८ मध्ये झाली. तेव्हापासून २०२३ पर्यंत कसोट्या झाल्या सात. २०१७ नंतरची थेट २०२३ ला, आणि ती तीन दिवसांत आटोपली. एकदिवसीय आणि वीस षटकांचे सामने धरले तरी मोठ्या गर्दीचे दिवस वर्षाकाठी मोजकेच. बारमाही काम कुणाला? गवत कापणाऱ्याला आणि पहारेकऱ्याला. आपल्या जिनिंगमध्येसुद्धा हंगामभर हाताला काम असते! अमेरिकेत नोल आणि झिंबालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली अशा मैदानांचा हिशेब पुस्तकातून मांडला. शहराची मिळकत त्यांना वाढलेली दिसली नाही. माणूस जो पैसा सिनेमाला, खाणावळीत घालणार, तोच तिकिटात घालतो.

२००८ साल आणखी एका गोष्टीसाठी लक्षात ठेवा. त्याच वर्षी केंद्राची कर्जमाफी आली. पूर्ण माफी दोन हेक्टरांपर्यंत. सात-आठ एकर कोरडवाहूवाला त्यात ‘मोठा’ ठरला. त्याला पाव माफी, तीही उरलेले भरले तर. आता दुसरी माफी ऐका. क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क राज्य शासनाने २०२३ मध्ये घटवले, आणि तेही २०११ पासून, मागच्या तारखेने. उच्च न्यायालयाला त्याबद्दल जाब विचारावा लागला. या माफीला एकरांची अट कुणी घातली नाही.

पाण्याचेही बोलले जाते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली, त्याच आठवड्यात उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. ठीक झाले. पण त्याने आपल्या ज्वारीला एक थेंबही मिळाला नाही. माझे भांडण पाण्यावरून नाही, खेळावरूनही नाही. आमची पोरेही रात्र जागून सामने बघतात.

भांडण भावाचे आहे. एकरी चार क्विंटल संकरित ज्वारी धरा. ५० एकरांत २०० क्विंटल. २०२४-२५ चा हमीभाव ३,३७१ रुपये. म्हणजे सगळे मिळून पावणेसात लाखांच्या आत, तेही हमीभाव हाती पडला तर, आणि खर्च वजा न करता. एवढ्या उत्पन्नाची जमीन कागदावर कवडीमोलच दिसणार. ज्वारीचा, कापसाचा भाव सरकारी धोरणाने पाडायचा, मग जमीन किफायतशीर नाही म्हणायचे, आणि तीच मैदानाला, वसाहतीला स्वस्तात मिळवायची. आधी पीक लुटले जाते, मग पिकाच्या भावाने जमीन.

मैदानाची नुसती आवई उठली तरी भोवतालच्या शिवारात दलाल फिरू लागतो. पेरणीला पैसा नसतो त्याच दिवसांत तो नेमका येतो. हातउसने देतो, इसारपावती करून घेतो. भाव वाढतो तो नंतर, त्याच्या हातात. म्हणून विकायची घाई नको. जमीन लागत असेल तर मुदतीच्या भाडेपट्ट्याने मागा म्हणावे, दर काही वर्षांनी भाडे वाढवून. ज्याला विकायचीच आहे त्याने खुशाल विकावी, पण आपल्या भावाने, सक्तीशिवाय. आणि मैदान बांधणाऱ्याने ते स्वतःच्या पैशाने बांधावे.

समृद्धीत ज्यांची जमीन गेली त्यांनी पुढच्या बैठकीला सातबारा आणि खरेदीखत घेऊन यावे. कुठल्या गावाला काय दर मिळाला, याचा तक्ता आपण गावोगाव लावणार आहोत. आमण्याच्या लोकांना तो आधी द्यायचा आहे.