ज्वारीतले तेल कोणाच्या हिशेबात?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाच्या भावावर बोलायला आज बरेच जण आहेत. मला थोडा वेळ ज्वारीवर बोलू द्या, आणि तेही ज्वारीतल्या तेलावर. ज्वारीची घाणी कोणी पाहिली आहे का, असे तुम्ही विचाराल. घाणी नाही, पण तेल आहे.

पुरावा हवा असेल तर मायबहिणींना विचारा. बाजरीचे पीठ आठ-दहा दिवस ठेवले की कडू होते. ज्वारीचे पीठही जुने झाले की खवट वास मारते. म्हणून आपल्या घरी दळण थोडे थोडे होते. तांदळाचे पीठ मात्र महिनाभर राहते. कारण साधे आहे. खवट व्हायला पिठात तेल असावे लागते. दाणा दळला की त्यातल्या तेलावर हवेचा आणि दाण्यातल्याच विकरांचा मारा सुरू होतो. पॉलिश केलेल्या तांदळात खवट होण्यासारखे फारसे काही उरलेलेच नसते.

हे तेल असते दाण्याच्या अंकुरात. ज्वारीच्या दाण्यात अंकुर वजनाने साधारण दहावा हिस्सा, पण दाण्यातले पाऊण तेल त्या एवढ्याशा जागेत. गावच्या चक्कीत आपण दाणा सगळाच दळतो, म्हणून ते भाकरीत येते. भाताचा अंकुर आणि कोंडा गिरणीतच राहतो. त्याचे पुढे तेल काढतात, बाटलीत भरतात, आणि ‘राईस ब्रॅन’ म्हणून आपल्यालाच विकतात. एकाच दाण्याचे पैसे दोनदा!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली आपल्या देशातल्या अन्नाचे तक्ते छापले. त्यात शंभर ग्रॅमला स्निग्धांश असा आहे : बाजरीत जवळजवळ साडेपाच ग्रॅम, ज्वारीत पावणेदोन, गव्हाच्या आट्यात दीड, पांढऱ्या तांदळात अर्धा. म्हणजे गव्हाने आपले फारसे नुकसान केले नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. नुकसान आहे तांदळाचे.

आता रेशनचा हिशेब करू. अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिन्याला पाच किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. पाच माणसांच्या घराला महिन्याला २५ किलो, वर्षाला तीन क्विंटल. ते सगळे तांदूळ आले आणि तेवढी ज्वारी ताटातून गेली, तर शंभर किलोमागे सव्वा किलो स्निग्धांश कमी पडतो. वर्षाला पावणेचार किलो. तेवढे तेल तुम्ही दुकानातून आणता, नाहीतर त्याच्याशिवाय राहता. फुकट धान्याची ही किंमत कोणत्याच पावतीवर छापलेली नसते.

ज्वारी खा आणि तेल सोडा, असे मी म्हणत नाही. कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला वरचे तेल-तूप रोज ४० ग्रॅम लागते, असे २०१० च्या शिफारशीत आहे. अर्धा किलो ज्वारी खाल्ली तर त्यातून आठ-नऊ ग्रॅम मिळतात, ते त्याच्याशिवायचे. पण या आठ-नऊ ग्रॅममध्ये जवळजवळ अर्धे लिनोलेइक आम्ल असते. शरीराला ते स्वतः तयार करता येत नाही, अन्नातूनच घ्यावे लागते. पामतेलात ते दहा टक्क्यांच्या आसपास.

आणि ज्वारीचे तेल एवढ्यावर संपत नाही. जागतिक अन्न व कृषी संघटना प्रत्येक देशाच्या अन्नाचा ताळेबंद मांडते, कोणत्या धान्यातून माणशी रोज किती ग्रॅम स्निग्ध मिळते ते सांगते. तिथे बाजरी-नाचणीची ओळ वेगळी, ज्वारीची वेगळी. पण कडबा कुठल्या ओळीत? कडबा म्हशीने खाल्ला, दूध झाले, तूप झाले. तो जमा झाला दुधाच्या खात्यात. ज्वारी गेली, कडबा गेला, गोठा रिकामा झाला. ताळेबंदात हे दोन वेगळे आकडे दिसतात, आपल्या अंगणात ती एकच गोष्ट आहे.

आता सरकीकडे या. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई आणि ६५ किलो सरकी निघते. जुन्या पद्धतीच्या घाण्यावर शंभर किलो सरकीला बारा किलो तेल धरले, तरी क्विंटलमागे जवळपास आठ किलो झाले. वीस क्विंटल कापूस विकणाऱ्याच्या शेतातून १६० किलो खाद्यतेल बाहेर गेले. आणि तोच माणूस घरी जाताना पामतेलाची पिशवी घेऊन जातो!

यात आपल्या भावाचाही प्रश्न आहे. कापसाचा भाव म्हणजे रुईचा भाव अधिक सरकीचा भाव. सरकीचा भाव ठरतो तेलावर आणि ढेपेवर. १९९४ साली पामोलीनची आयात खुली झाली. आज देशाला लागणारे निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरचे मूळ आयातशुल्क २० टक्के केले, मे २०२५ मध्ये ते पुन्हा दहावर आणले. शहरातल्या कढईची काळजी लगेच घेतली जाते. सोयाबीन आणि सरकी विकणाऱ्याने तोंड दाबून बसायचे.

ज्वारी आपण हौसेने सोडली नाही. खरिपाची ज्वारी परतीच्या पावसात सापडली की काळी पडते, व्यापारी ती निम्म्या भावात मागतो. रानडुकरे आणि रोही रात्रीतून धुऱ्यापर्यंत साफ करतात. एकट्याचे दोन एकर असले की सगळ्या शिवाराची पाखरे त्याच्याकडेच. आधीच्या पिढीने ज्वारीवरची लेव्ही पाहिली. २००२ नंतर बीटी कपाशी आली, सोयाबीन वाढले. २०२३ साली भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष साजरे झाले. डुकरांनी काही ते वाचले नाही. २०२५-२६ साठी संकरित ज्वारीचा हमीभाव ३६९९ रुपये जाहीर झाला. पण जाहीर होणे वेगळे, काटा लागणे वेगळे.

म्हणून मागणी एकच ठेवू. अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य आहे, ते आपण मागून आणायचे नाही. या जिल्ह्यात ज्वारी हमीभावाने घ्या आणि याच जिल्ह्याच्या रेशन दुकानात द्या. वाहतूक वाचेल, कडबा गावात राहील.

तोवर ज्यांना घरापुरती पेरायची आहे त्यांनी एकमेकांना लागून पेरा, म्हणजे राखणही वाटून होईल आणि पाखरांचे नुकसानही. विहिरीला पाणी असेल तर सोयाबीन निघाल्यावर रब्बीत घ्या. ती पावसात काळी पडत नाही.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने दोन आकडे आणावेत : गावात ज्वारी किती एकर उरली, आणि गेल्या सहा महिन्यांत रेशनला गहू किती, तांदूळ किती आला. ते एकत्र करून निवेदनाला जोडू. दुकानदाराकडे नोंद असते, ती तोंडी घेऊ नका, लिहून आणा.