केवढ्याला घेतली?
(जामनेर येथील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेची कार्यकर्ते मंडळी घरी आली आणि म्हणाली, "सर, यंदा मर्सिडीजवर बोला." मी म्हटलं, बाबांनो, माझ्या दारात स्कूटर उभी असते. त्यावर त्यांच्यातला एक जण म्हणाला, "मग तर तुम्ही खरं बोलाल." मी आयुष्यभर डिझेल इंजिनं उघडली आणि पुन्हा बंद केली, एवढाच माझा अधिकार. तेव्हा आज बोलेन ते बोनेटच्या बाजूने बोलेन, शोरूमच्या नाही.

मागच्या लग्नसराईत आपल्याकडच्या एका मांडवासमोर काळीभोर मर्सिडीज येऊन थांबली. नवरदेव उतरायच्या आत गाडीभोवती कोंडाळं जमलं. मी मुद्दाम बाजूला उभा राहून प्रश्न ऐकले. पहिला प्रश्न, "काय भो, केवढ्याला घेतली?" दुसरा, "अ‍ॅव्हरेज किती देते?" तिसरा जरा हळू आवाजात, "यांचीच आहे की भाड्याची?" तासाभरात चौथा प्रश्न कोणी विचारला नाही. बोनेट उघडून दाखवा, असं तर कोणीच म्हणालं नाही. आमच्या तरुणपणी बुलेट आली तरी पोरं आधी उकिडवं बसून इंजिन बघायची.

आता गंमत अशी, की मर्सिडीजचा तारा खानदेशात या काळ्या गाडीवर बसून आलाच नाही. तो आला मालट्रकवर. माझे मामा साठच्या दशकात ट्रकवर क्लीनर होते. इथल्या जिनिंगमधल्या रुईच्या गाठी भरायच्या, पहूर, जळगाव, धुळे, मालेगाव, नाशिक करत कसारा घाट उतरायचा आणि मुंबई गाठायची. त्या ट्रकच्या तोंडावर तीन टोकांचा तारा होता. मामा रोज सकाळी काच पुसायच्या आधी तो तारा पुसायचे. त्यांना जर्मनी कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण 'मर्सिडीज' हा शब्द ते सराईतपणे उच्चारायचे. टाटा-मर्सिडीज हेच त्या गाडीचं नाव होतं. घाटात भरल्या गाडीने दगा दिला नाही, की मामा बोनेटवर थाप मारायचे. माझ्यासाठी मर्सिडीज म्हणजे ती थाप.

हा तारा आपल्याकडे आणण्यात मोठा हात होता एका मराठी इंजिनिअराचा, सुमंत मुळगावकर यांचा. १९०६ साली मुंबईत जन्मलेला हा माणूस आधी सिमेंटच्या धंद्यात होता, मग टाटांच्या टेल्कोत आला. टेल्को तेव्हा जमशेदपूरला रेल्वेची इंजिनं बांधत होती. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डायमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि त्याच वर्षी पहिले ट्रक बाहेर पडले. करार १९६९ साली संपला, तारा उतरला, त्या जागी टाटांचा 'टी' बसला. पण १५ वर्षांत इथल्या कारागिरांचा हात तयार झाला होता. मामा म्हणायचे, "तारा गेला, गाडी तीच आहे." पुण्याचा टेल्कोचा कारखाना उभा केला तोही मुळगावकरांनीच. एक गोष्ट सांगतात, ती खरी-खोटी देव जाणे, पण पटते: साहेब दुपारी जेवायला गायब व्हायचे. लोकांना वाटायचं, पंचतारांकित हॉटेलात जात असतील. ते सापडले ढाब्यावर, ट्रक ड्रायव्हरांबरोबर जेवताना, गाडीत काय त्रास होतो ते विचारताना. आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेल्या 'सुमो'त त्यांच्याच नावाची आद्याक्षरं आहेत, सुमंतमधला 'सु' आणि इंग्रजीत 'Moolgaokar' लिहितात त्यातला 'मो'.

आता मुळाकडे जाऊ. जर्मनीतल्या मानहाइम गावी कार्ल बेंझ नावाचा इंजिनिअर होता. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने तीन चाकांच्या, पेट्रोलियमजन्य इंधनावर चालणाऱ्या गाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. मोटारगाडीचा वाढदिवस म्हणून जग हीच तारीख धरतं. पण हा गृहस्थ भिडस्त. गाडी केली, विकायची कशी ते कळेना. लोक म्हणायचे, घोडा असताना हे धूड कशाला?

त्याची बायको बेर्टा. लग्नाआधी, होणाऱ्या नवऱ्याचं वर्कशॉप भागीदाराच्या भांडणात बुडायला आलं, तेव्हा या मुलीने बापाकडून आपला हुंडा आगाऊ मागून घेतला आणि भागीदाराला मोकळं केलं. हुंडा ही वाईटच चाल. पण हुंड्याच्या पैशातून जगाला मोटार मिळाल्याचं हे एकच उदाहरण मला ठाऊक आहे. ऑगस्ट १८८८ मध्ये एका पहाटे, नवरा झोपलेला असताना, बेर्टाने १५ आणि १३ वर्षांच्या दोन मुलांना घेतलं, गाडी ढकलत दूर नेली, मग चालू केली आणि निघाली. कुठे? माहेरी. फोर्ट्सहाइमला, आईकडे. अंतर सुमारे १०६ किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव-धुळ्याहून थोडं जास्तच. माहेरच्या वाटेचं अप्रूप बहिणाबाईंच्या खानदेशाला मी काय सांगू? त्या साली आसोद्याची बहिणाबाई आठेक वर्षांची असेल.

त्याआधी एवढ्या लांब मोटारीने कोणी गेलेलं नव्हतं. वाटेत पेट्रोल पंप असायचा प्रश्नच नाही. इंधन होतं लिग्रोइन, म्हणजे कपड्यांवरचे डाग काढायचा द्रव, आणि ते मिळायचं औषधाच्या दुकानात. वीसलोख गावच्या औषधवाल्याकडून तिने ते घेतलं. ते दुकान आजही जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं. इंधनाची नळी तुंबली, तर टोपीची टाचणी घालून तिने ती साफ केली. तार उघडी पडली, तर मोज्याचा पट्टा गुंडाळला. चढावर गाडी दम टाकायची, पोरं खाली उतरून ढकलायची. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा एका चांभाराला गाठून त्यावर चामडं ठोकून घेतलं. माझ्या हिशेबाने जगातला पहिला ब्रेक लायनर तो. संध्याकाळी माहेरी पोचली आणि नवऱ्याला तार केली.

घरी परतल्यावर तिने नवऱ्याला सांगितलं असणार तेच कोणताही ड्रायव्हर मालकाला सांगतो: चढाला ताकद पुरत नाही. कार्लने चढासाठी खालचा गिअर बसवला. म्हणून मी म्हणतो, या गाडीची पहिली चाचणी प्रयोगशाळेत झाली नाही, माहेरच्या रस्त्यावर झाली. आणि पहिली मेकॅनिक बाई होती.

त्याच काळात, फार लांब नाही, श्टुटगार्टजवळ कानश्टाटला गॉटलीब डायमलर आणि विल्हेल्म मायबाख स्वतंत्रपणे इंजिनं करत होते. डायमलर १९०० साली वारला. मग गोष्टीत येतो एमिल येलिनेक. फ्रान्समध्ये नीसला राहणारा, श्रीमंतांना गाड्या विकणारा, हट्टी, तक्रारखोर माणूस. असलं गिऱ्हाईक कोणत्याही गॅरेजवाल्याला नको असतं. पण १९०० च्या मार्चमध्ये नीसजवळच्या चढाच्या शर्यतीत डायमलरच्या उंच, अरुंद गाडीला अपघात होऊन चालक विल्हेल्म बाउअर मेला. येलिनेकने कारखान्याला कळवलं, गाडी लांब करा, रुंद करा, खाली बसवा, तर मी ३६ गाड्या घेतो. अट एकच, गाडीला माझ्या मुलीचं नाव द्यायचं. मुलीचं नाव मर्सिडीज. मायबाखने ३५ अश्वशक्तीची गाडी बांधली, तिच्या रेडिएटरमध्ये आठ हजारांवर बारीक नळ्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या बसवल्या. १९०१ च्या नीसच्या शर्यतींत तिने सगळ्यांना धूळ चारली. पुढे येलिनेकने स्वतःच्या आडनावालाच मर्सिडीज जोडलं. आपल्याकडे मुलाच्या नावाने ट्रान्सपोर्ट काढतात, याने मुलीच्या नावाने आडनाव बदललं! ती मर्सिडीज मात्र १९२९ साली वयाच्या ३९ व्या वर्षी गेली. त्याच वर्षी कार्ल बेंझही गेला.

तारा डायमलरच्या मुलांच्या आठवणीतला. बापाने एकदा आईला पाठवलेल्या पत्रात घरावर तारा काढला होता. १९०९ साली तो नोंदला गेला. तीन टोकं म्हणजे जमीन, पाणी आणि आकाश. १९२६ साली, महायुद्धानंतरच्या कंगालीत, बेंझ आणि डायमलर या दोन कंपन्या एक झाल्या.

या कथेतलं एक पान काळं आहे, ते उलटून पुढे जाणं मला जमणार नाही. हिटलर ज्या उघड्या गाडीतून हात उंचावत फिरायचा, ती मर्सिडीज होती. युद्धात १९४४ साली कंपनीच्या कामगारांपैकी जवळपास निम्मे वेठीला धरलेले होते: परदेशातून ओढून आणलेले, युद्धकैदी, छळछावण्यांतले. पुढे कंपनीने आपला हा इतिहास तपासून घेतला आणि पैसेही दिले. पण ताऱ्याची चमक सांगणाऱ्याने हेही सांगितलं पाहिजे.

आता माझ्या आवडीचा भाग. बेला बारेनी नावाचा एक इंजिनिअर या कंपनीत होता. त्याच्या काळापर्यंत सगळे मानायचे, की गाडी जितकी टणक तितकी सुरक्षित. त्याने उलटं मांडलं. माणसं बसतात ती पेटी टणक ठेवा, पण पुढचा आणि मागचा भाग मुद्दाम चुरगळेल असा करा. धडकेचा जोर पत्रा खाईल, माणसापर्यंत कमी पोचेल. १९५१ साली त्याने पेटंट मागितलं, १९५९ साली ही रचना असलेली मर्सिडीज रस्त्यावर आली. आज गावातला कोणीही अपघाताची गाडी बघून म्हणतो, "पाहा, जर्मन गाडी आणि पत्रा पापडासारखा! आपली अ‍ॅम्बेसेडर पाहिजे होती." अहो, अ‍ॅम्बेसेडर वाचायची हो, आतला माणूस नाही. पत्रा चुरगळला हेच त्याचं काम. १९७८ साली चाक जाम न होऊ देणारे ब्रेक आणि १९८१ साली हवेची पिशवीही याच कंपनीच्या मोठ्या गाडीत आली. आता या दोन्ही गोष्टी आपल्या साध्या गाड्यांत असतात. किमतीची गाडी स्वस्त गाडीला काही देऊन जाते, ते असं.

आणि तरीही. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर एका मर्सिडीजला अपघात झाला. टाटा उद्योगसमूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री त्यात गेले. पुढे बसलेले दोघे जबर जखमी झाले, पण वाचले. मागचे दोघे गेले. मागच्या दोघांनी पट्टे लावलेले नव्हते. इतकी बुद्धी त्या गाडीत ओतलेली, आणि तिला जोड हवी होती एका पट्ट्याची.

आपल्या शेजारची एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. ऑक्टोबर २०१०. अजिंठ्याचा घाट चढून गेलं की जे शहर लागतं, तेव्हाचं औरंगाबाद, तिथल्या मंडळींनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या. व्यवहार सुमारे ६५ कोटींचा. जगभर बातमी झाली. मलाही छाती फुगल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं, की त्यातले ४० कोटींहून जास्त स्टेट बँकेने ७ टक्क्यांनी दिले आणि त्याच मुलखात ट्रॅक्टरसाठी शेतकरी १२ टक्क्यांच्या घरात व्याज भरत होता. माझी छाती तिथेच खाली बसली. गाडी घेणाऱ्यांवर माझा राग नाही, त्यांनी घासाघीस केली आणि मिळवली. पण मामांच्या ट्रकवरच्या ताऱ्याने रुई मुंबईला नेली होती. या १५० ताऱ्यांनी काय वाहून नेलं, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मर्सिडीजच्या इथल्या कारखान्याचं म्हणाल, तर १९९४ साली टेल्को आणि डायमलर-बेंझ पुन्हा एकत्र आले आणि १९९५ पासून पिंपरीत मर्सिडीजची जोडणी सुरू झाली. पहिली जी गाडी इथे दिली ती जर्मनीत निरोप घेत असलेली, त्यामुळे पैसेवाले रुसले. जुनं मॉडेल खपवायला हिंदुस्थान म्हणजे भंगारबाजार नाही, हे कंपनीला गिऱ्हाइकांनी शिकवलं. २००९ साली चाकणला १०० एकरांवर स्वतःचा कारखाना झाला. २०२२ साली तिथे विजेवरची मोठी मर्सिडीजही जोडून बाहेर पडली. आणखी एक सांगतो, म्हणजे मांडवासमोर उभं राहताना जरा धीर येईल: जर्मनीत स्टेशनाबाहेर टॅक्सी म्हणून रांगेत उभ्या असतात, त्यांत पुष्कळशा मर्सिडीजच असतात.

तेव्हा माझी एकच विनंती आहे, आणि ती या सभेत जे कोणी अशा गाडीतून आले असतील त्यांना. आमच्या आयटीआयची पोरं हुशार आहेत, पण त्यांना शिकायला मिळतात ती इंजिनं माझ्या वयाची. एका रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, तुमची गाडी तासभर त्यांच्याकडे घेऊन या. ती काही बिघडवणार नाहीत, मी उभा राहीन. इंजिनावर काळं प्लास्टिकचं झाकण असतं, ते हाताने वर ओढलं की निघतं. आणि आज घरी जाताना मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावा.