सोळा वर्षे पुरी न झालेला राम

(शताब्दीनिमित्त वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



शंभर वर्षे पुरी केलेल्या ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून एका अ‍ॅनिमेशनपटाच्या नायकाविषयी बोलावे, हे ज्येष्ठ सभासदांपैकी काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु तो नायक राम आहे, त्याचे वय पंधरा आहे, आणि ज्या वयाची मुले आज आपल्या वाचनालयाच्या पायऱ्या सर्वांत कमी चढतात, नेमक्या त्या वयाचा तो आहे. म्हणून हा विषय मी निवडला.

चित्रपटाचे नाव ‘रामायण : द लीजंड ऑफ प्रिन्स रामा’. जपानी माहितीपटकार युगो साको हे १९८३ च्या सुमारास प्रयागजवळच्या शृंगवेरपूर येथे पुरातत्त्ववेत्ते बी. बी. लाल यांच्या उत्खननावर माहितीपट करीत होते. गुहाने रामाला गंगेपार केले ते हे शृंगवेरपूर. तिथे साकोंना रामकथेने जे धरले, ते पुढे सोडले नाही. राम हा देव आहे, तेव्हा तो एखाद्या नटाने उभा करण्यापेक्षा चित्रांतून उभा राहावा, अशी त्यांची भूमिका होती. परक्याने आपल्या पूज्य कथेचे व्यंगचित्र करू नये, अशी हरकत आपल्याकडे घेतली गेली. तरी काम थांबले नाही. भारताच्या बाजूने राम मोहन हे सहदिग्दर्शक होते. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात घडलेला हा कलावंत भारतीय अ‍ॅनिमेशनचा जनक म्हणून ओळखला जातो. संगीत वनराज भाटियांचे. १९९३ च्या जानेवारीत दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला. देशभरच्या चित्रपटगृहांत मात्र तो थेट २०२५ च्या जानेवारीत, नव्याने उजळलेल्या प्रतीच्या रूपाने आला. मधल्या काळात एका पिढीने तो घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. साको २०१२ मध्ये गेले, राम मोहन २०१९ मध्ये. दोघांनाही हे भाग्य पाहता आले नाही.

दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगपेटीच्या काड्या पडद्यावर नाचवल्या, तेव्हापासून मराठी माणसाला या कलेची ओळख आहे. तेव्हा ‘कार्टून म्हणजे पोरखेळ’ असे निदान आपण तरी म्हणू नये. मला त्या चित्रपटाविषयी एकच गोष्ट आज सांगायची आहे : त्याची कथा जिथे सुरू होते ते स्थळ. विश्वामित्र अयोध्येत येतो आणि दशरथाजवळ त्याचा मुलगा मागतो.

वाल्मीकींच्या बालकांडात हा प्रसंग मोठा हृदयद्रावक आहे. दशरथ आधी भरघोस वचन देऊन बसलेला असतो. पण मागणी ऐकताच त्याचे भान हरपते. माझ्या रामाला अजून सोळा पुरी झालेली नाहीत, राक्षसांशी लढण्याची योग्यता त्याच्यात मला दिसत नाही, हवे तर मी स्वतः सेना घेऊन येतो, असे तो विनवतो. वसिष्ठ समजावतो, तेव्हा कोठे दोन्ही मुलगे ऋषीबरोबर निघतात. ‘गीतरामायणा’तही ग. दि. माडगूळकरांनी या मागणीला आणि पुढच्या ताटकावधाला स्वतंत्र गीते दिली आहेत. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ती छप्पन्न गीते सुधीर फडक्यांच्या संगीतात घरोघर पोहोचली.

बालकांडातला पुढचा प्रवास आपण लक्ष देऊन वाचावा, अशी माझी विनंती आहे. शरयूच्या काठी विश्वामित्र रामाला बला आणि अतिबला या विद्या देतो. त्यांनी थकवा येत नाही, भूकतहान बाधत नाही. रात्री राजपुत्र गवतावर निजतात. आणि मग वाटेत राम सारखा विचारत राहतो. शरयू-गंगेच्या संगमावर एक आश्रम दिसतो : हा कोणाचा? नावेतून जाताना पाण्याचा मोठा घोष ऐकू येतो : हा कसला आवाज? पुढे भयंकर अरण्य लागते : हे कोणते वन? प्रत्येक प्रश्नाला ऋषी एक कथा सांगतो. कामदहनाची, शरयूच्या उगमाची, ताटकेच्या पूर्वजन्माची नव्हे तर तिच्या पूर्वायुष्याची. पुढे मिथिलेच्या वाटेवर सगरपुत्रांची, गंगावतरणाची, अहल्येची. अस्त्रे मिळतात ती मध्ये केव्हा तरी. त्याच्या आधी कथा आहेत, त्याच्या नंतरही कथा आहेत.

ताटका समोर येते तेव्हाही या मुलाचा बाण लगेच सुटत नाही. ती स्त्री आहे, तेव्हा तिला मारावे की केवळ निष्प्रभ करून सोडावे, हा विचार त्याच्या मनात आहे. विश्वामित्राला आज्ञा करावी लागते, कारणे सांगावी लागतात. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातून पहिली हत्या होते ती अशी, शंकेच्या उंबरठ्यावर.

आणखी एक ग्रंथ याच वयाच्या रामाविषयी आहे, तो ‘योगवासिष्ठ’. तिथला राम तीर्थयात्रा करून परत आला आहे आणि उदास झाला आहे. खाण्यापिण्यात लक्ष नाही, कोणाशी बोलणे नाही, दिवस दिवस एकटा बसतो. सेवक काळजीत, बाप काळजीत. विश्वामित्र म्हणतो, त्याला इथे आणा. मग भर सभेत तो मुलगा बोलतो : संपत्ती कशासाठी, आयुष्य कशासाठी, हे सारे टिकणारे नसेल तर धडपड कशासाठी? सभेत कोणी त्याला ‘वय काय, बोलतोस काय’ असे म्हणत नाही. वडीलधारी माणसे ऐकून घेतात, आणि वसिष्ठ उत्तर द्यायला बसतो. ते उत्तर म्हणजेच तो प्रचंड ग्रंथ. एका कुमाराच्या उदासीनतेचा इतका मान राखणारे दुसरे पुस्तक मला ठाऊक नाही.

हे सगळे सव्वादोन तासांच्या चित्रपटात मावणार नाही, आणि तशी अपेक्षा करणे हा त्या चित्रपटावर अन्याय होईल. चित्राने आपले काम चोख केले आहे : मुलाला रामाचा चेहरा दिला, अरण्य दिले, लंका दिली. प्रश्न विचारण्याची भूक त्याने जागी केली. ती भूक घेऊन मूल जाणार कोठे?

आपल्या सीमाभागात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २०२५ मध्ये हा चित्रपट इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या भाषांत आला. त्यांत मराठी नव्हती, कन्नडही नव्हती. निपाणी, चिकोडी, बेळगावचे मूल घरी एक भाषा बोलते, बाजारात दुसरी, शाळेत कदाचित तिसरी. आणि त्याचा राम त्याच्याशी चौथ्याच भाषेत बोलतो. वस्तुतः या मातीला रामकथेची कधीच वाण नव्हती. एका हाताला एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’, श्रीधरांचा ‘रामविजय’, मोरोपंतांची अष्टोत्तरशत रामायणे. दुसऱ्या हाताला विजापुराजवळच्या तोरवीचे कुमार वाल्मीकीचे ‘तोरवे रामायण’ आणि कुवेंपूंचे ‘श्रीरामायण दर्शनम्’. १९५६ नंतर सीमेचा वाद झाला, आयोग झाले, २००४ पासून तो सर्वोच्च न्यायालयात आहे. न्यायालयाचा निकाल लागेल तेव्हा लागेल. पण आपले मूल आपल्या भाषेत ‘हे कोणते वन?’ असे विचारील की नाही, याचा निकाल कोणतेही न्यायालय देणार नाही. तो इथल्या कपाटांपाशी लागतो.

आणि त्या कपाटांकडे पाहिले म्हणजे मधली एक फळी रिकामी दिसते. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याला १९२३ मध्ये जन्मलेले जी. ए. कुलकर्णी हे आपले अभिमानस्थान. त्यांचा छोटा बिम्म बालविभागात आहे. ‘काजळमाया’ मोठ्यांच्या विभागात आहे. बिम्मचे बोट सोडलेल्या आणि ‘काजळमाया’पर्यंत न पोहोचलेल्या मुलासाठी मध्ये काय आहे? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि त्यांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहे, १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ आहे; पण ही पुस्तके बालविभागाच्या तळाशी पडून असतात, आणि पंधरा वर्षांच्या मुलाला बालविभागात जायची लाज वाटते.

म्हणून शताब्दीच्या या वर्षी तीन सूचना कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. पहिली, बारा ते सोळा वयाच्या वाचकांसाठी स्वतंत्र कुमारविभाग करावा आणि वर्गणी त्यांच्या स्वतःच्या नावाने घ्यावी. बापाच्या कार्डावर वाचणारे मूल बापाच्या पसंतीचेच वाचते. दुसरी, हा चित्रपट सभागृहात दाखवावा आणि त्याच दिवशी बालकांडाचा, ‘योगवासिष्ठा’तील वैराग्यप्रकरणाचा सुबोध मराठी अनुवाद, शेजारी कन्नड रामायणे, मुलांच्या हाताला लागतील अशी मांडून ठेवावी. तिसरी सूचना पैशांची नाही, माणसांची आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ निवृत्त शिक्षकांपैकी कोणीतरी त्या विभागात बसावे. शिकवायला नव्हे, मुलांनी विचारले तर सांगायला. कामावरून सुटून येणाऱ्या मुलामुलींसाठी ती वेळ थोडी उशिराची ठेवावी. निपाणीने तंबाखूच्या वखारी पाहिल्या आहेत. शाळेऐवजी कामाची वाट धरावी लागलेल्या मुली तिने पाहिल्या आहेत. त्यांच्याही वाटेवर सांगणारा कोणी हवा होता.

दशरथाची भीती खोटी नव्हती. मुलगा लहान होता आणि अरण्य भयंकर होते. तरी त्याला पाठवावे लागले, कारण मुले घरात ठेवून मोठी होत नाहीत. दशरथाला एवढाच दिलासा होता की मुलाबरोबर वाटेतल्या प्रत्येक वनाचे नाव जाणणारा माणूस आहे. आपली मुले तर परवानगी न घेताच निघालीही आहेत, पडद्यांच्या अरण्यात. त्यांच्याबरोबर चालणे हे या वाचनालयाच्या दुसऱ्या शतकाचे काम ठरो, एवढी इच्छा व्यक्त करतो.