खर्चीचा दिवस आणि दारूचा अड्डा

(पनागर, जिल्हा जबलपूर येथे बांधकाम मजूर व कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बांधकाम मजुरांतील दारूचा विषय निघाला की डाव्या चळवळीत बहुधा दोन प्रकारची भाषा ऐकू येते. एक भाषा म्हणते, समाजव्यवस्था बदलली की व्यसन आपोआप नाहीसे होईल; तोवर त्यात लक्ष घालणे हे सुधारकांचे काम. दुसरी म्हणते, पिणारा मजूर बेशिस्त, सभेत गोंधळ घालणारा, त्याचे नाव सभासदांच्या यादीतून काढून टाका. पहिली भाषा आळसाची आहे आणि दुसरी मालकाची. दोन्हींचा परिणाम एकच होतो. पिणारा मजूर युनियनपासून तुटतो आणि ठेकेदाराच्या हाती सापडतो.

पनागर हे गाव जबलपूरपासून पंधराएक किलोमीटरवर, कटनीच्या रस्त्यावर आहे. शहर या बाजूस पसरत आले तशी येथे घरे, गुदामे, रस्ते यांची कामे वाढली. या भागातील मिस्त्री, बेलदार, रेजा कोण आहेत? त्यांत मंडला, डिंडोरी, सिवनीकडील गोंड आदिवासी मोठ्या संख्येने आहेत. १९९० साली बरगीचे धरण भरले आणि १६२ गावे बाधित झाली. त्या गावांतील शेतकरी जबलपूरला रिक्षा ओढावयास व घमेली उचलावयास आले. आज त्यांची पुढची पिढी नाक्यावर उभी राहते. जमीन गेली, गाव गेले, नात्यागोत्याचा धाक आणि आधार दोन्ही गेले. अशा माणसाच्या हातात सायंकाळी काय उरते, याचा विचार दारूवर प्रवचन देणाऱ्याने आधी करावा.

त्याच्या हातात उरते ती खर्ची! बांधकामावर पुरी मजुरी दर आठवड्यास मिळत नाही, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. बाजाराच्या दिवशी ठेकेदार खर्ची म्हणून थोडी रक्कम देतो आणि बाकीचा हिशेब काम संपल्यावर करावयाचा, असे सांगतो. ही रक्कम घरी पाठविण्यास अपुरी, पण अड्ड्यावर बसण्यास पुरेशी असते. जोडीने काम करणाऱ्या स्त्रीची मजुरीही पुष्कळदा नवऱ्याच्याच हातावर ठेवली जाते. आणि ज्या दिवशी स्लॅब पडतो, त्या दिवशी ठेकेदार उदार होतो. जादा तासांच्या मजुरीऐवजी मटण आणि बाटली येते. उरलेला हिशेब ठेकेदाराच्या वहीत अडकलेला असल्यामुळे मजुरास काम सोडून जाता येत नाही. दारूची उचल त्याच वहीत चढते, आणि शेवटी किती दिवस भरले, किती प्यालो, हे मजुरास सांगता येत नाही. मुकादमास मात्र सांगता येते.

ही युक्ती जुनी आहे. एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारांच्या स्थितीवरील आपल्या ग्रंथात दारूबाजीची मुळे कामगाराच्या घरात, थकव्यात आणि उद्याच्या अनिश्चिततेत दाखविली आणि दोष त्याला त्या स्थितीत ढकलणाऱ्यांवर ठेवला. १८८८ साली डॉक्टर व्हिक्टर आडलर याने व्हिएन्नाजवळील वीनरबर्ग येथील वीटभट्ट्यांची हकीकत उजेडात आणली. तेथील स्थलांतरित मजुरांना नाण्यांऐवजी पत्र्याची टोकने दिली जात आणि ती फक्त कंपनीच्या आवारातील दुकानांत व गुत्त्यांत, तेही चढ्या भावाने चालत. आडलरने टोकनांची पद्धत मोडण्यासाठी आवाज उठविला आणि पुढे कामगारांतील दारूविरोधी प्रचारही पक्षाचे काम म्हणून हाती घेतला. ही दोन कामे त्याने एकमेकांपासून तोडली नाहीत, हे महत्त्वाचे आहे.

भारतातील उदाहरण पाहावयाचे तर तेव्हाच्या मध्य प्रदेशातच सापडते. दल्ली-राजहरा येथील लोहखाणींत भिलाई पोलाद कारखान्यासाठी दगड फोडणारे ठेकेदारी मजूर १९७७ साली प्रस्थापित युनियन सोडून बाहेर पडले आणि शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी छत्तीसगड माइन्स श्रमिक संघ उभा केला. सोडलेल्या युनियनांत लाल बावट्याची युनियनही होती. ही गोष्ट झाकण्यात अर्थ नाही. २ व ३ जून १९७७ च्या गोळीबारांत त्यांचे ११ जण मारले गेले. लढ्याने मजुरी वाढली, आणि वाढलेली मजुरी दारूच्या दुकानात जाऊ लागली. तेव्हा संघाने दारूविरोध हा मजुरीच्या लढ्याचाच पुढचा टप्पा मानला. मोहल्ल्यांतून प्रचार झाला, स्त्रिया पुढे आल्या, आणि हुतात्म्यांच्या नावाने १९८३ साली मजुरांच्या श्रमाने शहीद रुग्णालय उभे राहिले. मजुरांनी एकमेकांवर लक्ष ठेवले आणि एकमेकांना धरून ठेवले. बाहेरून आलेल्या उपदेशकास हे साधले नसते.

पण खाणीची वस्ती एका जागी असते, बांधकामाची टोळी दर चार महिन्यांनी हलते. म्हणून येथे मोहल्ल्याऐवजी टोळीच धरावी लागेल. दहा-पंधरा जणांच्या टोळीत एक किंवा दोन सोबती असावेत. शक्यतो असे, ज्यांनी स्वतः पिणे सोडले आहे. ज्याचे हात सकाळी थरथरत होते, त्याचेच म्हणणे थरथरत्या हाताचा माणूस ऐकतो. १९३५ साली अमेरिकेत एक शेअरदलाल व एक शल्यचिकित्सक यांनी सुरू केलेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमस या संघटनेचा पायाच हा आहे. त्यांच्या सभांत ईश्वराचे नाव येते, म्हणून मार्क्सवाद्याने नाक मुरडण्याचे कारण नाही. पद्धत तपासावी, प्रार्थना सोडून द्यावी. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणातही व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे नव्या रुग्णांना आधार देऊ लागली.

सोबत्याचे काम खर्चीच्या संध्याकाळी सुरू होते. तो पिणाऱ्यासोबत बाजारात जातो, पैसे घरी पाठविण्याच्या रांगेत उभा राहतो, रात्रीचे जेवण एकत्र होईल असे पाहतो. तो मुकादमाचा हेर नाही, आणि युनियनचाही नाही. कोण प्याला हे ज्या दिवशी तो वर कळवील त्या दिवशी त्याचे काम संपले. पुन्हा पिणारा पुन्हा येईल, चार वेळाही येईल. त्याचे सभासदत्व जाता कामा नये. दंडाची सूचना काही साथी करतात. दंड बायकोच्या भाकरीतूनच भरला जातो, हे त्यांनी ध्यानात घ्यावे.

येथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. जो वर्षानुवर्षे रोज भरपूर पितो त्याने शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली, तर पहिल्या दोन दिवसांत त्याला फेफऱ्यासारखे झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम होतो, नसलेले दिसू लागते, आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. असा माणूस परांचीवर चढला तर काय होईल हे सांगावयास नको. म्हणून अशा मजुराला आधी सरकारी रुग्णालयात नेणे, आणि परतल्यावर काही दिवस त्याच मजुरीवर जमिनीवरचे काम मिळवून देणे, हे सोबत्याचे व युनियनचे कर्तव्य ठरते. शपथविधीचे फोटो काढणाऱ्यांना ही माहिती नसते. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकास कोणताही उपचार मिळाला होता, आणि १८० पैकी एकासच रुग्णालयात दाखल होता आले होते.

सरकार काय करते? मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दुकानांलगतचे अहाते बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून मंडला, अमरकंटक, महेश्वर यांसारख्या धार्मिक मानलेल्या १९ ठिकाणची दुकाने बंद झाली. देवाच्या गावी बंदी आणि मजुराच्या गावी महसूल, असा हा न्याय! मंडल्याचा मजूर पोटासाठी जबलपूरला येतो, तेथे दुकान उघडेच असते. मोहाची दारू गाळून दोन पैसे मिळविणारी आदिवासी बाई मात्र पोलिसांना सहज सापडते. तिच्या हंड्या फोडण्यात युनियनने भाग घेऊ नये. त्या हंडीवर तिचे घर चालते आणि तिची जागा घेण्यास परवान्याचे दुकान टपलेलेच असते.

मागण्या मजुरीच्या आहेत आणि त्या तशाच मांडल्या पाहिजेत. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झालेल्या श्रमसंहितांनी कामगारांचे पुष्कळ हिरावले; १९९६ चा बांधकाम कामगारांचा कायदाही त्यांनी गिळला. तरी मजुरी संहितेत रोजंदाराची मजुरी पाळी संपताच आणि आठवड्याची मजुरी आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी देण्याचे बंधन आहे. खर्चीची पद्धत या बंधनाबाहेरची आहे. स्त्रीची मजुरी तिच्याच हातात किंवा तिच्याच खात्यात गेली पाहिजे. बांधकामावरील किमान एक टक्का उपकर संहितेतही कायम आहे. त्या पैशातून जिल्हा रुग्णालयात मजुरांसाठी व्यसनोपचाराच्या खाटा मागता येतील.

राहिली स्लॅबच्या दिवशीची बाटली. तिच्याऐवजी जादा तासांची दुप्पट मजुरी रोख मिळावी, ही मागणी मिक्सर सुरू होण्यापूर्वी सकाळीच, सर्व टोळीने मिळून ठेकेदारापुढे ठेवावयाची आहे. स्लॅब अर्ध्यावर थांबविता येत नाही, हे त्यालाही ठाऊक असते. त्या दिवशी कोणी सोबती प्यालेला असेल तर त्याने पुढे होऊ नये, दुसऱ्याने बोलावे. आणि मिळालेली रक्कम स्त्री-पुरुष प्रत्येकाने आपापल्या हाताने मोजून घ्यावी.